बिघडवण्याची मुभा

मृगाच्या आधी नागपुरावर येणारी वादळे पावसापेक्षा विजाच अधिक आणतात. अशा एखाद्या रात्रीनंतरच्या सकाळी बेसा रस्त्यावरील संगणकदुरुस्तीच्या कोणत्याही दुकानापुढे उभे राहिले, तर हातात राउटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर किंवा नुसताच काळवंडलेला ॲडॉप्टर घेऊन आलेली माणसे दिसतात. घरात ऑप्टिकल फायबर आले म्हणजे विजेचे भय संपले अशी अनेकांची समजूत असते. काचेच्या तंतूतून वीज येत नाही हे खरे. परंतु ती ॲडॉप्टरच्या वाटेने येते, गच्चीवरच्या कॅमेऱ्यापासून खाली उतरलेल्या तांब्याच्या तारेतून येते, आणि यंत्राचे एखादे पोर्ट जाळून जाते. दुकानातला मुलगा आधी ॲडॉप्टर बदलून पाहतो, मग केबल, मग पोर्ट, आणि शेवटी यंत्र उघडतो. हा क्रम त्याला कोणी शिकवला, कोठे शिकवला, आणि शिकताना त्याने जी यंत्रे बिघडवली असतील त्यांचे पैसे कोणी भरले, हे प्रश्न रांगेतल्या कोणालाच पडत नाहीत. आम्हालाही बरीच वर्षे पडले नव्हते.

बेसा हे काही दशकांपूर्वीपर्यंत शहराबाहेरचे गाव होते. पुढे शेतांचे लेआउट पडले, प्लॉट विकले गेले, घरे आणि मग सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. आज तेथे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. एका अंगाला मनीषनगर, दुसऱ्या अंगाला बेलतरोडी, आणि वर्धा मार्गाच्या पलीकडे मिहान. मिहानमधल्या संगणक कंपन्यांत आज्ञावली लिहिणारी मंडळी या परिसरात राहतात, आणि त्यांच्या घरचे यंत्र बंद पडले की धावून येणारी मुलेही याच परिसरात राहतात. पहिल्या वर्गाच्या शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे भरपूर सांगितला जातो. दुसऱ्याचा इतिहास कोणी सांगत नाही, कारण तो इतिहास आहे असेच कोणाला वाटत नाही.

आमच्यापुरते हे वाटणे एका स्फोटाने बदलले. २००९ च्या उन्हाळ्यात आमचा टेबलावरचा संगणक वारंवार बंद पडू लागला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची ओल आणि बाहेरची धूळ एकत्र होऊन पंख्यांवर जो लेप बसतो, त्याने यंत्र तापत असावे, असे समजून आम्ही तो याच परिसरातल्या एका दुकानात नेला. तेथे नव्यानेच कामाला लागलेल्या, जेमतेम अठरा वर्षांच्या मुलाने तो ब्रशने स्वच्छ केला. त्या काळच्या वीजसंचाच्या मागे, म्हणजे ज्याला सारे एसएमपीएस म्हणतात त्याच्या मागे, एक लहान लाल खटका असे : एका बाजूला ११५, दुसऱ्या बाजूला २३०. ब्रश फिरवताना तो सरकला. मुलाने वायर खोचली, बटण दाबले आणि बंदुकीसारखा आवाज होऊन धूर निघाला. मुलगा पांढराफटक पडला. "काका, माह्या हातानं झालं," एवढेच तो म्हणाला. आम्ही रागावलो. दुकानदार आमची समजूत घालत म्हणाला, "तुम्ही टेन्शन नका घेऊ सर, नवीन टाकून देतो. याच्या पगारातून कापतो." आम्ही नवा वीजसंच बसवून घेतला आणि समाधानाने घरी आलो.

त्या समाधानाची लाज वाटायला आम्हाला काही वर्षे लागली. दुरुस्ती ही अशी विद्या आहे की ती यंत्र बिघडवल्यावाचून येत नाही. तो मुलगा पुढे कधीही तो खटका पाहिल्यावाचून वायर खोचणार नव्हता. म्हणजे त्या दिवशी त्याचे शिक्षण झाले होते, आणि त्या शिक्षणाची फी त्याच्या पगारातून कापली गेली होती. संगणकदुरुस्तीच्या प्रशिक्षणाचा आपल्याकडचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येतो असे आम्हाला वाटते : शिकणाऱ्याच्या चुकीचा खर्च कोणी उचलायचा? प्रस्तुत लेखात तो तसा मांडून पाहण्याचा विचार आहे.

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र बांधणारा आणि दुरुस्त करणारा माणूस एकच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी पन्नाशीच्या दशकात टिफ्रॅक हा संगणक बांधला. तो १९६० मध्ये पूर्णत्वाने कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळी ही विजेच्या दिव्यासारखी असते, ती केव्हातरी जायचीच. हजारोंनी नळ्या असलेल्या यंत्रात दोष शोधणे हा अपवाद नव्हता, रोजचा परिपाठ होता. या मंडळींपैकी कोणी 'दुरुस्तीचा अभ्यासक्रम' केलेला नव्हता. बांधता बांधता ती शिकली, आणि चुकांचा खर्च संस्थेच्या, म्हणजे अखेर देशाच्या खात्यावर पडला. तो वाया गेला असे आज कोणी म्हणणार नाही.

त्याच सुमारास दुसरी पद्धत आली, ती भाड्याच्या यंत्राची. १९६१ मध्ये मुंबईच्या एस्सो कंपनीत आयबीएमचा १४०१ हा संगणक आला. खाजगी उद्योगातील तो भारतातला पहिला संगणक मानला जातो. आयबीएम यंत्रे प्रामुख्याने भाड्याने देई. यंत्र कंपनीचे, सुटे भाग कंपनीचे, आणि झाकण उघडण्याचा अधिकार असलेला 'कस्टमर इंजिनिअर'ही कंपनीचा. या अभियंत्यांना कंपनी पगार देऊन शिकवी. यंत्र बंद राहिले तर भाडेकरू कुरकुरत, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला मानही मोठा होता. मात्र हे ज्ञान कंपनीच्या भिंतींबाहेर येत नसे.

भिंत कोसळली ती राजकारणाने. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. आयबीएमने ते मानले नाही, आणि जनता पक्षाच्या राजवटीत, १९७८ मध्ये, ती देश सोडून गेली. या घटनेची चर्चा आपल्याकडे आजही स्वाभिमान विरुद्ध प्रगती अशा ठरावीक थाटात होते. दुरुस्तीच्या अंगाने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. कंपनी गेली, पण यंत्रे जागच्या जागी राहिली. ती रात्री बंद पडली तर सकाळी कोणाला बोलावायचे?

याचे उत्तर तीन वर्षे आधीच तयार होते. डिसेंबर १९७५ मध्ये केंद्र सरकारने एक कंपनी स्थापली होती, आणि तिचे नावच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन' असे होते. एखाद्या देशाने संगणक बनवण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी नव्हे, तर केवळ सांभाळण्यासाठी सरकारी कंपनी काढावी, ही गोष्ट विलक्षण आहे. आयबीएमच्या सुमारे आठशे ठिकाणच्या यंत्रांची देखभाल तिने अंगावर घेतली. आयबीएममधले अनेक अभियंतेही तिच्यात आले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच छताखालच्या माणसांनी सांभाळायची, असा प्रकार येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडला, आणि त्यातून एका कंपनीच्या यंत्राशी बांधलेली नसलेली, सर्वसाधारण अशी दोषशोधनाची विद्या आकाराला आली. पुढे याच कंपनीने रेल्वे आरक्षणाची संगणकप्रणाली उभी केली. १९८४ मध्ये तिचे नाव 'सीएमसी लिमिटेड' झाले, म्हणजे 'मेंटेनन्स' हा शब्द आद्याक्षरात लपला. २००१ मध्ये ती टाटांकडे गेली आणि २०१५ मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. ज्या टीसीएसची कचेरी आज मिहानमध्ये आहे, तिच्या वंशावळीत एक देखभाल कंपनी आहे, हे तेथे काम करणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

संगणकाची ही कथा मुंबई-दिल्लीची वाटेल. पण जालव्यवस्थेच्या देखभालीची कथा आमच्या अंगणातून जाते. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी असताना, त्याच प्रांतातल्या जबलपूरला १९४२ मध्ये दूरसंचार प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तार खात्यात आणि पुढे दूरसंचार खात्यात माणूस आधी निवडला जाई आणि मग शिकवला जाई. केबलचा सांधा कसा घालावा, अर्थिंग कशी तपासावी, लाइनीतला दोष किती अंतरावर आहे हे मोजमापाने कसे काढावे, हे सारे खात्याच्या खर्चाने. नवशिक्याने सांधा वाईट घातला तर वरिष्ठ लाइनमन शिव्या देई आणि पुन्हा घालायला लावी; वाया गेलेली केबल खात्याची असे. या व्यवस्थेत दिरंगाई होती, गलथानपणाही होता, आणि दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे थांबलेल्या पिढीला त्याचे गोडवे गायला सांगणे व्यर्थ आहे. परंतु शिकणाऱ्याच्या चुकीचा खर्च शिकवणाऱ्याने सोसायचा, हे तत्त्व तिने पाळले.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे एका मराठी अर्थशास्त्रज्ञाचे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा ते आमच्या विषयाला भिडते. संगणकामुळे कारकुनांच्या नोकऱ्या जातील, या भयाने साठीच्या दशकात कामगार संघटना खवळल्या होत्या. केंद्रीय श्रम मंत्रालयाने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. प्रश्न होता, यंत्र किती हातांचे काम काढून घेईल? यंत्र स्वतः किती हात मागेल, हा प्रश्न त्या वादात मागे राहिला. पुढे १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. तिचेही अध्यक्ष दांडेकरच. १९८४ च्या तिच्या अहवालाने 'अनुशेष' हा शब्द विदर्भाच्या रोजच्या बोलण्यात आणला. रस्ते, सिंचन, वीज यांच्याबरोबर तंत्रशिक्षण हेही तिने मोजलेले एक क्षेत्र होते, आणि एकंदर अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला.

त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, केंद्राचे नवे संगणक धोरण आले आणि यंत्रे व सुटे भाग आणणे सुलभ झाले. म्हणजे विदर्भात शिकण्याच्या जागा कमी आहेत हे आकड्यांनी सिद्ध झाले, नेमकी तेव्हाच शिकण्याजोगी वस्तू बाजारात येऊ लागली. जागांची उणीव भरून निघाली ती एका बाजूने. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, आणि नागपुरात १९८४ मध्येच यशवंतराव चव्हाण आणि रामदेवबाबा ही दोन महाविद्यालये निघाली. पदवीच्या जागा वाढल्या. सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनाची परंपरा तर १९१४ पर्यंत मागे जाते. पण दहावीनंतर हाताने काम शिकू इच्छिणाऱ्या मुलासाठी मुख्य आधार राहिला तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आयटीआयचा.

आयटीआयची योजना १९५० ची. कातारी, जोडारी, तारतंत्री हे तिचे मूळ व्यवसाय. इलेक्ट्रॉनिक्स आले ते रेडिओ आणि दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या रूपाने. १९८२ च्या एशियाडनंतर दूरदर्शन गावोगाव पोहोचले तसे या कारागिरांना दिवस चांगले आले. नव्वदीत संगणक सर्वत्र दिसू लागले तेव्हा पहिल्या पिढीचे पुष्कळ दुरुस्तीकार याच रेडिओ-टीव्हीच्या टेबलावरून उठून आले. मुंबईच्या जेटकिंग या संस्थेची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे : १९४७ पासून रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक संचांच्या व्यवसायात असलेली ही कंपनी १९९० च्या सुमारास संगणक हार्डवेअरच्या प्रशिक्षणाकडे वळली. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जुळवण्याचा धंदा जोरात सुरू झाला होता, आणि नागपूरकर दुकानदार तेथून माल आणून सीताबर्डीत विकत होते. जुळवणारे हात हवे होते. १९९३ मध्ये अमेरिकेत ए-प्लस हे दुरुस्तीकाराचे प्रमाणपत्र निघाले, १९९८ मध्ये सिस्कोचे सीसीएनए आले, आणि ही नावे लवकरच नागपूरच्या शिकवणी वर्गांच्या पाट्यांवर झळकू लागली.

येथे इतिहासाने वळण घेतले, पण त्याची दखल कोणी घेतली नाही. आतापर्यंत दुरुस्ती शिकणाऱ्याला पगार मिळत होता. आता शिकण्यासाठी तो पैसे देऊ लागला. आयबीएम, सीएमसी, दूरसंचार खाते यांनी जो खर्च उचलला होता तो मुलाच्या बापाच्या खिशावर आला. फी घेणाऱ्या वर्गांत पुष्कळ चांगले शिक्षकही होते. परंतु अशा वर्गात सरावासाठी ठेवलेले यंत्र बहुधा आधीच मेलेले असे. मेलेला मदरबोर्ड ओळखता येतो, त्याचे भाग दाखवता येतात. तो बिघडवता मात्र येत नाही, आणि म्हणून दुरुस्तही करता येत नाही.

सरकारी बाजूला अडचण वेगळी होती. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेत जाण्याचा योग आला. प्रयोगशाळेत नवे कोरे संगणक ओळीने मांडले होते आणि मुले त्यांवर मराठी टंकलेखन करीत होती. 'हे उघडून दाखवता का?' असे विचारता निदेशक हसले. प्रत्येक यंत्राची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होती. एखादा पार्ट गेला तर खुलासा त्यांना द्यावा लागणार, आणि यंत्र निकामी ठरवून लिलावात काढायचे तर कागदांचा प्रवास वर्षानुवर्षे चालणार. त्यापेक्षा झाकण बंद बरे. त्या सज्जन माणसाला दोष देता येत नाही. व्यवस्थेने त्याला यंत्र सांभाळायला नेमले होते, आणि यंत्र सांभाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मुलांना त्यापासून दूर ठेवणे.

दरम्यान व्यवसायांची नावे बदलत राहिली. आयटीआयच्या यादीत मेकॅनिक कॉम्प्युटर हार्डवेअर आले. माहिती तंत्रज्ञान व इलेक्ट्रॉनिक्स प्रणाली देखभाल आले, त्याचेच पुढे माहिती-संचार तंत्रज्ञान प्रणाली देखभाल झाले. दहावी उत्तीर्णांसाठी एक वर्षाचा संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल हा अभ्यासक्रम आला. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याने साऱ्या विद्यांची दहा पायऱ्यांची उतरंड लावली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि तिच्या काही महिन्यांच्या वर्गांतून 'फील्ड टेक्निशियन' तयार होऊ लागले. राज्यात २००१ पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने लाखो मराठी माणसांची संगणकाची भीती घालवली, हे तिचे मोठे श्रेय. पण ती वापराची साक्षरता होती, झाकणाच्या आतली नव्हे.

अभ्यासक्रमाच्या पुस्तिका वाईट असतात असे नाही. केबलच्या आठ तारांचा क्रम, म्हणजे नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी, हा त्यांत अचूक दिलेला असतो. तांब्याची केबल शंभर मीटरपलीकडे नेऊ नये, हेही असते. पण यंत्रे पुस्तिकांपेक्षा जलद बदलतात. फ्लॉपी गेली, सीडी गेली, पिनांचे मास्टर-स्लेव्ह जोडणे गेले, वीजसंचामागचा तो लाल खटकाही बहुतेक नव्या यंत्रांतून गेला. टिकून राहते ती एकच गोष्ट : दोष कोठे नाही हे एकेक करून ठरवत जाण्याची शिस्त. वीज आहे का, तार धड आहे का, पोर्ट जिवंत आहे का, पत्ता मिळाला का, नाव उलगडते का. तळापासून वर जाणारी ही शिडी टिफ्रॅकच्या नळ्यांना लागू होती आणि बेसा येथील फायबरलाही लागू आहे. ती पाठ करून येत नाही. चुकीच्या पायरीवर पाय ठेवून, दोन तास वाया घालवून आणि एखादे यंत्र जाळून ती अंगी मुरते.

बेसा परिसरात आज हे शिक्षण प्रत्यक्षात कोठे होते, ते पाहावे. जानेवारी २०२० च्या अखेरीस बीएसएनएलच्या अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जबलपूरच्या परंपरेत शिकलेली पिढी एका दिवसात घरी बसली. फायबरचे काम आता मुख्यत्वे खाजगी कंपन्यांचे कंत्राटदार आणि स्थानिक केबलचालक करतात. त्यांच्या हाताखालचा मुलगा खांबाला शिडी लावून तंतू सांधायला शिकतो. काचेचे दोन तंतू तोंडाशी तोंड जुळवून यंत्रात वितळवायचे, मग मीटरने प्रकाश मोजायचा. घरातल्या यंत्रापाशी तो उणे सत्तावीस डीबीएमच्या खाली गेला की जोडणी बेभरवशाची, हे तो महिन्याभरात शिकतो. डीबीएम म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सांधा बिघडला तर तंतू फुकट, आणि फेरी फुकट. काही ठिकाणी ती त्याच्या हिशेबातून वजाही होते. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात खांबावर उभ्या असलेल्या त्या मुलाकडे प्रमाणपत्र असेलच असे नाही. विद्या मात्र असते, आणि तिची किंमत त्याने भरलेली असते.

उपायाच्या दिशेने काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन देण्याचे बंधन मालकांवर घातले होतेच. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेने त्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकारने उचलण्याची व्यवस्था केली. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि आयटीआय व पदविकाधारकांना महिना ८,००० रुपये ठरवले. पगार घेऊन शिकण्याचे तत्त्व, मधल्या तीस वर्षांच्या खंडानंतर, निदान कागदावर परतले आहे. पण हे पैसे शिकणाऱ्याच्या वेळेचे आहेत, त्याच्या चुकीचे नव्हेत. आणि दोन माणसांच्या दुकानापर्यंत अशा योजना सहसा पोहोचत नाहीत.

दुसरीकडे यंत्रच बंद होत चालले आहे. नव्या लॅपटॉपांत स्मृतिपट्टी बोर्डालाच डाख दिलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते, स्क्रू अशा आकाराचे असतात की साधा पेचकस लागू नये. आयबीएमच्या काळात यंत्र भाड्याचे होते म्हणून उघडता येत नव्हते. आज ते आपल्या मालकीचे असूनही उघडता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. या हक्काची चर्चा ग्राहकाच्या बाजूने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु झाकण उघडता येणे ही शिकाऊ मुलाचीही गरज आहे. जे यंत्र उघडत नाही ते शिकवीतही नाही.

आमची सूचना लहान आहे. सरकारी कचेऱ्या, बँका आणि मिहानमधल्या कंपन्या दर काही वर्षांनी शेकडो चालती यंत्रे मोडीत काढतात. २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांनी या मोडीला शिस्त लावली आहे. त्यातली काही यंत्रे कारखान्यात चुरा होण्याआधी एक वर्ष आयटीआयच्या टेबलावर यावीत; डेडस्टॉक रजिस्टरात नोंद न होता, केवळ बिघडवण्यासाठी. वर्षअखेरीस ती तशीही मोडीतच जायची आहेत. मुलाने खटका चुकीचा सरकवावा, स्फोट व्हावा, निदेशकाने हसून खिडकी उघडावी, आणि कोणाच्याही पगारातून काही कापले जाऊ नये. ज्या देशाने एकेकाळी केवळ देखभालीसाठी कंपनी काढली, त्याला एवढे अवघड नसावे.

त्या दुकानातला तो मुलगा पुढे कोठे गेला ते आम्ही विचारले नाही. दुकानही आता तेथे नाही. त्या जागी मोबाइलचे दुकान आहे. वीजसंचाचे सहाशे रुपये झाले होते, एवढे आमच्या लक्षात राहिले आहे. त्याचा महिन्याचा पगार किती होता, हे विचारण्याचे तेव्हा आम्हाला सुचले नाही.